सोन्याची गाडी आणि मातीची गाडी

एखाद्या घरी बारसे, वाढदिवस किंवा बोरन्हाण असले म्हणजे तेथे जाणाऱ्या वडीलधाऱ्या मनुष्यापुढे एक लहानसा पण अडचणीचा प्रश्न उभा राहतो : मुलाच्या हातावर काय ठेवावे ? पूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर रूढीनेच देऊन ठेवलेले असे. चांदीचा खुळखुळा, वाळे, झबले-टोपडे किंवा नुसता एक रुपया, एवढ्यावर काम भागत असे. आता बाजारात खेळण्यांच्या राशी रचलेल्या असतात आणि त्यांतील पुष्कळ पेट्यांवर ‘शैक्षणिक’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. सुशिक्षित आईबापांच्या मनात विद्येविषयी जो आदर असतो, आणि आपले मूल मागे पडेल की काय अशी जी धास्ती असते, त्या दोहोंवर हा एकच शब्द नेमके बोट ठेवतो. आणि किमतीची फारशी चौकशी न करता पेटी घरी येते. चार दिवसांनी पाहावे तो पेटीतील सामान कोपऱ्यात पडलेले असते आणि चिरंजीव रिकाम्या खोक्यात बसून होडी वल्हवीत असतात. ह्या प्रसंगी हसून मोकळे होणे सोपे आहे. परंतु मुलाने असा निवाडा का दिला, ह्याचा विचार करणे अधिक उपयोगाचे होईल. खेळण्याने शिकविले पाहिजे ही अपेक्षा आली कोठून, ती कोणी वाढविली आणि पुढे तिचे काय झाले, हा इतिहास पाहिला असता मुलाचा निवाडा बराचसा न्यायाचा असतो असे आम्हांस वाटते.

खेळणे ही वस्तू मानवी संस्कृतीइतकीच जुनी आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील उत्खननांत मातीच्या लहान बैलगाड्या, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्या आणि मान हलविणारा मातीचा बैल अशा वस्तू सापडल्या. त्यांचे वय सुमारे साडेचार हजार वर्षांचे आहे. त्यांपैकी काही वस्तू पूजेच्या असतील अशी शंका घेणारे विद्वान आहेत. तथापि मान डोलविणारा तो बैल पाहून त्याच्यासमोर टाळ्या पिटणारे मूल डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही.

खेळणे कसे असावे, ह्याविषयी आपल्याकडील अत्यंत जुना आणि अत्यंत व्यवहारी उपदेश एका वैद्यकाच्या ग्रंथात आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बालकाच्या संगोपनाचा विचार करताना ग्रंथकार सांगतो की, मुलाची खेळणी रंगीबेरंगी असावीत, आवाज करणारी असावीत, दिसावयास गोजिरवाणी असावीत. ती जड नसावीत, त्यांची टोके अणकुचीदार नसावीत, ती तोंडात जाऊ शकतील इतकी लहान नसावीत, त्यांच्यापासून प्राणास धोका नसावा आणि ती भीतिदायक नसावीत. भारत सरकारने २०२० साली खेळण्यांच्या गुणवत्तेविषयी हुकूम काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह खेळण्यांवर सक्तीचे झाले. अणकुचीदार टोके आणि गिळले जाणारे बारीक भाग ह्यांविषयीची चिंता आजच्या मानकांतही आहे. म्हणजे ह्या बाबतीत आजच्या तज्ज्ञाने चरकाशी भांडावे असे काही नाही. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चरकाच्या ह्या यादीत खेळण्याने काही शिकवावे अशी अट कोठेच नाही. मूल सुरक्षित असावे आणि रमावे, एवढेच त्या वैद्यास हवे आहे.

ही दुसरी अट युरोपातून आली, आणि तिचा ठळक उच्चार करणारा ग्रंथकारही योगायोगाने वैद्यकच शिकलेला होता. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक हा जन्मभर अविवाहित राहिला. आपल्या एका मित्रास मुलाच्या संगोपनाविषयी त्याने जी पत्रे लिहिली, त्यांतून १६९३ साली त्याचा शिक्षणविषयक ग्रंथ तयार झाला. खेळण्यांविषयी लॉकचे मत कडक आहे. मुलांना खेळणी असावीत, पण विकत आणलेली नसावीत. गुळगुळीत गोटा, कागदाचा तुकडा, आईच्या किल्ल्यांचा जुडगा ह्यांनी लहान मूल दुकानातील महाग वस्तूंइतकेच रमते. पुढे त्याने आपली खेळणी आपणच करावीत, आणि भोवऱ्यासारखी जी वस्तू त्याच्या हातून होण्यासारखी नसेल तेवढीच त्यास आणून द्यावी. खेळण्यांच्या सुकाळाने मुलास गर्व, हाव आणि नासाडी ह्यांचे शिक्षण मिळते, असा त्याचा आक्षेप आहे. पण ह्याच लॉकने फाशांवर अक्षरे चिकटवून खेळता खेळता मुलास वाचावयास शिकवावे, अशीही युक्ती सुचविली आहे. येथे खेळण्याच्या खांद्यावर प्रथम पाटी-दप्तर चढले असे म्हणावयास हरकत नाही. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने युरोपचा नकाशा लाकडी फळीवर चिकटवून राज्यांच्या सीमांवरून तो कापला आणि ते तुकडे भूगोल शिकविण्यासाठी विकावयास ठेवले. आज घरोघरी असणाऱ्या चित्रखंडांच्या कोड्याचा हा पूर्वज होय. तो खेळ म्हणून नव्हे, तर धडा म्हणून जन्मास आला.

लॉकच्या उपदेशातील कडकपणा काढून त्यातील मर्म घेण्याचे श्रेय आयर्लंडातील एका बापलेकीस द्यावे लागेल. रिचर्ड एज्वर्थ ह्यांना चार विवाहांपासून बावीस अपत्ये झाली. त्यामुळे मुलांविषयी त्यांनी आणि त्यांची कन्या मरिया हिने १७९८ साली जो ग्रंथ लिहिला तो निव्वळ तर्काने लिहिलेला नाही, हे उघड आहे. त्या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण खेळण्यांवर आहे. सोनेरी मुलाम्याची नाजूक गाडी मुलास दिली तर ते तिचे काय करणार ? दोन वेळा कौतुकाने पाहील, आणि मग तिच्या आत काय आहे हे पाहण्यासाठी तिला मोडील. कारण त्या गाडीशी करण्यासारखे दुसरे कामच उरलेले नसते. अशा मुलास नासाडखोर म्हणून रागे भरणे अन्यायाचे आहे. ते बिचारे जिज्ञासेचे काम करीत असते. म्हणून साधे लाकडाचे ठोकळे, माल भरता येईल अशी भक्कम ढकलगाडी, आणि वयाने वाढलेल्या मुलास पुठ्ठा, बोथट कात्री, तार, डिंक आणि मेण द्यावे, असा त्यांचा सल्ला आहे. आमच्या मते खेळण्यांच्या साऱ्या इतिहासातील मुख्य प्रश्न येथे प्रथम नीट मांडला गेला. खेळणे किती सुंदर आहे किंवा किती शिकविते हा तो प्रश्न नव्हे. त्याने मुलाच्या हातांस किती काम शिल्लक ठेवले आहे, हा तो प्रश्न होय.

ह्या प्रश्नास आपल्या आयुष्याचे कार्य करणारा पुरुष जर्मनीत निपजला. फ्रीडरिख फ्रोबेल हा १७८२ साली जन्मला आणि वर्षाच्या आतच आईस मुकला. तरुणपणी बर्लिन येथे खनिजांच्या संग्रहावर काम करीत असताना स्फटिकांची रचना पाहून त्याच्या मनावर असा ठसा उमटला की, दगडापासून मनुष्यापर्यंत साऱ्या सृष्टीत वाढीचा एकच नियम नांदत आहे. १८३७ साली त्याने ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. तेथील खेळण्यांस तो खेळणी म्हणत नसे. ‘भेटी’ म्हणत असे. पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी म्हणजे लाकडाचा गोल, घन आणि त्या दोहोंची सांगड घालणारी नळकांडी. तिसरी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक घन. हा तिसरा घन मुलाच्या हाती देऊन पाहावा : तो मोडता येतो आणि पुन्हा जोडता येतो. एज्वर्थांच्या मुलास गाडी फोडावी लागत होती. फ्रोबेलच्या मुलास फोडण्याची मुभा खेळण्यातच दिलेली आहे, आणि फोडल्याने काही नष्ट होत नाही. त्याच आठ तुकड्यांची खुर्ची होते, जिना होतो, वेशीचा दरवाजा होतो. अशा ह्या निरुपद्रवी ठोकळ्यांचीही राजसत्तेस भीती वाटली. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली नास्तिकपणा आणि समाजवाद ह्यांचा संशय घेऊन किंडरगार्टनांवर बंदी घातली. पुढील वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० साली.

परंतु फ्रोबेलच्या भेटींचे खरे नुकसान बंदीने झाले नाही. ते भक्तांनी केले. पुढील पिढीतील शिक्षिकांनी चौकटी आखलेल्या मेजांपुढे मुलांस ओळीने बसविले आणि आठ घनांपैकी कोणता कोणत्या क्षणी उचलावयाचा ह्याचे हुकूम सोडावयास आरंभ केला. भेट गेली आणि कवाईत आली. तरी वस्तूत जीव असला म्हणजे ती कधी कधी घरच्या मोकळ्या जमिनीवर आपले काम करून जाते. १८७६ साली फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात एका बाईने ह्या भेटी पाहिल्या आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी त्या मिळविल्या. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. त्या लाकडी ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत कायमचा राहिला, असे त्याने वृद्धपणी लिहून ठेवले आहे. ठोकळे दिल्याने प्रत्येक मूल राइट होईल असे मात्र कोणी समजू नये. तसे समजूनच तर पेट्या खपतात.

फ्रोबेलनंतर बालशिक्षणात मोठे नाव डॉ. मारिया माँटेसरी ह्यांचे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो ह्या गरिबांच्या वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे त्यांना एक गोष्ट आढळली, ती खेळणी देणाऱ्या प्रत्येकाने मनन करण्यासारखी आहे. दानशूर लोकांनी दिलेल्या सुंदर बाहुल्या आणि इतर खेळणी मांडून ठेवली असतानाही ती मुले तिकडे फारशी फिरकत नसत. भोकांच्या ठोकळ्यात बरोबर बसणारे लाकडी दट्टे पुन:पुन्हा काढण्यात आणि घालण्यात ती रंगून जात. दहा गुलाबी घनांचा मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरे इत्यादी त्यांची साधने आज सर्वांस परिचित आहेत. त्यांची खुबी अशी की चूक झाली तर ती वस्तूच दाखविते. बाईंनी डोळे वटारण्याचे कारण पडत नाही. मात्र ह्या साधनांवरही टीका झाली. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ विल्यम किलपॅट्रिक ह्यांनी १९१४ साली असा आक्षेप घेतला की, एका साधनाचा एकच योग्य उपयोग ठरवून दिल्याने मुलाच्या कल्पनेस वाव राहत नाही. मनोऱ्याचे घन घेऊन कोणी आगगाडी केली तर ती चूक की खेळ ? आम्हांस वाटते, प्रश्न रास्त होता.

आपल्या देशात हा विचार गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर काढून रुजविला, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनी तो महाराष्ट्रात आणला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. स्वतः माँटेसरीबाई १९३९ साली मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. परंतु ताराबाईंच्या पुढे जो प्रश्न होता तो रोममध्ये किंवा अड्यारात सुटण्यासारखा नव्हता. ती घोटीव, मापशीर साधने महाग होती; शहरातील सुस्थित घरांची मुले ती वापरीत, आणि खेड्यातील मूल तसेच राही. ज्ञान जर पेटीत असेल आणि पेटी जर विकत मिळत असेल, तर ज्याला पेटी घेता येत नाही त्याने अज्ञानातच राहावयाचे काय ?

ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी दिले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील ह्या गावात १९४५ साली त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांच्या कार्यात सामील झाल्या. तेथे शंखशिंपले, बिया, पाने, फुले, गोटे आणि माती हीच साधने झाली. लहानमोठेपणा शिकण्यास गोटे पुरेसे होते, रंग शिकण्यास फुले पुरेशी होती, मोजण्यास बिया. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने जे ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले, ते आपल्याला परिचित आहे. पण त्यामागे अशी शिंपल्यांची आणि बियांची शाळा होती, हे विसरले जाते. लॉकने गोट्याची शिफारस श्रीमंताचे मूल बिघडू नये म्हणून केली होती. बोर्डीच्या किनाऱ्यावर तोच गोटा गरिबाच्या मुलाचा हक्क झाला.

आणि खरे पाहता आपल्या घरांस ह्यात नवे ते काय होते ? सागरगोटे हे एका काटेरी वेलीचे बी. ते झेलताना नजर, हात आणि गणती ह्यांचा जो मेळ बसतो तो कोणत्या यंत्राने बसविला असता ? चिंचोके, भोवरा, विटीदांडू, लाकडाची ठकी, भातुकलीची चूल, ह्यांपैकी एकावरही ‘शैक्षणिक’ असे लिहिलेले नव्हते. दिवाळीतील मातीचा किल्ला घ्या. उतारावर पाणी कसे वाहते, तटास आधार कोठे हवा, अळीव कधी पेरले म्हणजे वेळेवर हिरवळ येते, मावळा मोठा झाला तर बुरूज लहान का दिसतो, हे सारे चिखलाने भरलेल्या हातांना आपोआप कळते. आता तयार किल्लेही विकत मिळतात. गॅलरीत नेऊन ठेवला की झाले. तो दिसावयास सुबक असतो यात शंका नाही. पण त्यात मुलाने करावयाचे सारे काम कारखान्याने आधीच करून टाकलेले असते.

ह्यावरून विकतचे किंवा महाग ते सर्व वाईट, आणि मातीचे ते सर्व चांगले, असा सिद्धान्त कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाही. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी ह्यांनी १९०१ साली भोकांच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट ह्यांच्या ज्या खेळण्याचे पेटंट घेतले आणि जे पुढे मेकॅनो म्हणून प्रसिद्ध झाले, ते काही स्वस्त नव्हते. पण त्यात फ्रोबेलचे मर्म होते. डेन्मार्कमधील लेगोच्या विटेची आजची रचना १९५८ सालची. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाखांहून अधिक रीतींनी जुळविता येतात, असे गणित करून दाखविण्यात आले आहे. उलट, कवडीमोलाच्या वस्तूंतूनही उत्तम खेळणी होतात हे अरविंद गुप्ता ह्यांनी पुण्याच्या आयुकातील विज्ञानकेंद्रात राहून वर्षानुवर्षे दाखविले : आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी, जुनी वर्तमानपत्रे, एवढ्यावर त्यांचे भूमिती आणि पदार्थविज्ञान उभे राहते. तेव्हा किंमत ही कसोटी नव्हेच, कोणत्याही बाजूने.

मग कसोटी कोणती ? भेट निवडताना आम्ही स्वतःस तीनच प्रश्न विचारतो. पहिला एज्वर्थांचा : काम कोण करणार, वस्तू की मूल ? बटण दाबताच जी नाचते, गाते आणि शाबासकीही देते, तिच्यापुढे मूल केवळ प्रेक्षक होते. दुसरा फ्रोबेलचा : एक तुकडा हरवला किंवा मोडला तर खेळ संपतो, की निराळा होतो ? तिसरा प्रश्न आम्ही फ्रोबेलच्या शिष्यांच्या चुकीवरून शिकलो : ही वस्तू दिल्यावर आम्हांस गप्प बसवेल काय ? कारण उत्तम ठोकळेदेखील वडिलांनी हातात घेऊन ‘आता ह्याचा रंग सांग पाहू’ असे म्हणताच परीक्षेचा पेपर होतात. ह्या तिहींच्या आधी चरकाची सूचना आहेच. तिला पर्याय नाही. तिन्ही प्रश्नांस उतरणाऱ्या वस्तू फार नाहीत, पण त्या दुर्मिळही नाहीत : साधे ठोकळे, चेंडू, रंगखडू आणि कोरे कागद, भिंग, दोरीचा गुंडा, मातीचा गोळा.

तथापि लॉकप्रमाणे आपण निष्ठुर होऊ नये. शेजारच्या मुलाकडे जे आहे ते आपल्याकडे नाही, हे मुलाचे दुःख खरे असते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा रोहसेन रडत येतो. त्याने शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी खेळून पाहिलेली असते. ती परत गेल्यावर रदनिका दासीने त्याला मातीची गाडी करून दिलेली असते, आणि ती त्याला नको असते. त्याचे रडे पाहून वसंतसेनेचे अंतःकरण द्रवते. आपले अलंकार उतरवून ती त्या मातीच्या गाडीत भरते : ह्यांची सोन्याची गाडी करून घे. ह्या दानाइतके हृद्य दान संस्कृत नाटकांत क्वचित सापडेल. पण पुढे काय होते ? चारुदत्त ते अलंकार परत करण्यास मैत्रेयास पाठवितो, न्यायसभेत ते मैत्रेयाच्या अंगावरून खाली पडतात, आणि चारुदत्ताने वसंतसेनेचा खून केल्याचा तोच पुरावा ठरून त्याला वधाची शिक्षा होते. मुलाच्या खेळण्यात मोठ्यांनी आपली दौलत घातली, आणि तिचा भार बापाच्या मानेवर आला.

वसंतसेनेच्या मायेस कोणी नावे ठेवणार नाही. परंतु त्या घरात आणखी एक भेट झालेली होती, तिची आठवण सहसा कोणी काढीत नाही. रदनिकेजवळ देण्यासारखे काही नव्हते. मूल रडत होते म्हणून तिने मातीस हात घातला. त्या दिवशी एखाद्याने खाली बसून रोहसेनाबरोबर त्याच मातीचे बैल केले असते, तर कदाचित तो सोने विसरला असता. शूद्रकाने आपल्या नाटकाला नाव दिले ते सोन्याच्या गाडीचे नव्हे. रदनिकेच्या गाडीचे दिले.